तीन तास चाळीस मिनिटं

शिवणाच्या बाईंच्या तोंडात टाचण्या होत्या, हातात मोजपट्टी होती, आणि त्या एका कबुतराच्या छातीचं माप घेत होत्या. मी समोर उभी राहून त्याच कबुतराचं मानपत्र वाचत होते, आणि चौथ्या ओळीत मी अडखळले. मी! जिला सगळी शाळा ओळखते ती मी. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत हजेरीला ‘उपस्थित’ म्हणतानासुद्धा माझे कान लाल व्हायचे हे मला मान्य आहे, पण ते तेव्हा. आता आंतरशालेय वक्तृत्वात पहिली आलेली मुलगी आहे मी. घरात मला कर्णा म्हणतात, खांबावर बांधतात तो कर्णा. आई म्हणते, हिला कुजबुजायला सांगितलं तर शेजारच्या इमारतीतले लोक होकार देतात. आणि ‘सायंकाळी चार वाजून’ इथपर्यंत माझा आवाज छान इस्त्री केल्यासारखा आला, आणि पुढच्या शब्दाआधी घशात काहीतरी आडवं पडलं. मी खाकरले. पुन्हा ‘सायंकाळी चार वाजून’ म्हटलं. पुन्हा तेच. बाईंनी टाचण्या ओठांतून काढून उशीत खोचल्या आणि म्हणाल्या, “पाणी पी. आणि घाई नको करूस. यानं केली तेवढी पुरे.” हे त्या कबुतराबद्दल होतं. त्यांनी त्याच्या डोक्यावरून एक बोट फिरवलं, इतकं हळू, की मला एकदम त्या खोलीतून पळून जावंसं वाटलं. खिडकीत ऊन होतं, शिवणयंत्रं आपापल्या खोळी घालून ओळीनं बसली होती. घाबरण्यासारखं तिथे काही म्हणजे काहीच नव्हतं.

कबुतराला नाव नाही, लष्करी खात्याच्या कागदांत नुसता नंबर आहे, एकशे बारा. पण मी त्याला हेडक्लार्क म्हणते. छाती पुढे काढून, मान हलवत, प्रत्येक पावलाला कुणाची तरी चूक सापडल्यासारखा चालतो. बाबा खात्याचे खुराडेवाले आहेत. आमच्या इमारतीच्या गच्चीवर साठ कबुतरांचं खुराडं आहे, आणि लढाई सुरू झाल्यापासून, म्हणजे तारा तुटायला लागल्या आणि बिनतारी यंत्रावरचं सगळं पलीकडचे लोक ऐकायला लागले तेव्हापासून, दर आठवड्याला एक जीप येते आणि टोपलीत घालून सहा-आठ पाखरं घेऊन जाते. ती आघाडीवर कुठेतरी सोडतात, पायाला नळी बांधून, नळीत चिठ्ठी. पाखरू घरी येतं. बस्स, त्याला एवढंच येतं, बाबा म्हणतात. निरोप वगैरे आपल्यासाठी, ते आपलं घरी येतं. खुराड्याच्या दारावर लोखंडी काड्यांची झडप लोंबते, ती आत ढकलली जाते, बाहेर नाही. पाखरू आत शिरलं की खालच्या मजल्यावर, बाबा बसतात त्या खोलीत, घंटा वाजते. बाबा उठतात, घड्याळ बघतात, वहीत वेळ लिहितात, मग वर जातात. या कामात पाखरू गच्चीवर उतरलं म्हणजे आलं असं नसतं, घंटा वाजली म्हणजे आलं. आणि घंटा लवकर वाजावी म्हणून एकच युक्ती असते, ती म्हणजे त्यांना उपाशी ठेवणं. संध्याकाळी सहाला, खुराड्याच्या आत, मोजून मूठ मूठ. दिवसा गच्चीवर एक दाणा पडता कामा नये. भुकेलेलं पाखरू सरळ झडपेत घुसतं. पोट भरलेलं पाखरू कठड्यावर बसून पंख साफ करतं, ऊन खातं, झोपतंसुद्धा. हे मला चालायला लागल्यापासून माहीत आहे. इतर मुलींना विस्तवाला हात लावू नये हे शिकवतात ना, तसं.

पदकवाले साहेब पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा मला हसू आवरेना. एवढा मोठा माणूस, दोन्ही खांद्यांवर पितळ, आणि कबुतरासमोर उकिडवा बसून त्याच्या चेहऱ्याकडे बघतोय. त्यांच्या यादीत एक कुत्रा होता, एक खेचर होतं आणि आमचा हेडक्लार्क होता. खेचराला जिना चढता येत नसल्यामुळे त्याचं पदक परस्पर तबेल्यात देणार होते. कुत्र्याचा स्वभाव चांगला नव्हता. उरलं कबूतर. “आणि खुराडेवाल्यांची मुलगीच उत्तम वाचते म्हणे,” साहेब म्हणाले, “मग तर शाळेतच समारंभ करू. वर्तमानपत्राला असलं आवडतं.” मी फुगले, खोटं कशाला बोलू. मग त्यांनी खिशातून कागद काढला आणि कामाला लागले. पाखरू सोडलं ते सकाळी अकराला, चौकीवरच्या माणसांनी तसं सांगितलंय. अंतर दोन तासांचं. पोचलं चार पन्नासला. “मधले जवळजवळ चार तास कुठे गेले?” त्यांनी बाबांना विचारलं, तक्रार म्हणून नाही, रकाना भरायचा होता म्हणून. बाबा म्हणाले, “पाखरू बोलत नाही साहेब.” साहेब म्हणाले, “वारा?” बाबांनी पाखराच्या पाण्याचं भांडं सरळ केलं. “वारा असणारच, नदीवर असतोच,” म्हणून त्यांनी लिहिलं. मग हेडक्लार्कला उलटा करून बघितला. “इथलं पीस गेलंय. एका बोटाचं नखही नाही. ससाणा?” बाबांनी खिडकीबाहेर बघितलं. “ससाणे असतात त्या बाजूला,” ते म्हणाले, आणि साहेबांनी ससाणा लिहिला. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. माझ्या डोळ्यांसमोर त्या तीन तास चाळीस मिनिटांत एक वादळ भरलं गेलं, एक ससाणा सोडला गेला, आणि शेवटी साहेबांनी पेनाला टोपण लावत एक शब्द म्हटला, “अतुलनीय.”

तीन तास चाळीस मिनिटं. चार नाहीत. तेवढा आकडा मला बरोबर माहीत होता, जगात फक्त मला.

हेडक्लार्क आला त्या दिवशी शाळा अर्धी होती, आणि वर्गातून वक्तृत्वाला कोण जाणार याची चिठ्ठी फळ्यावर लागली होती, आणि माझा निबंध आवडला म्हणून चिठ्ठीवर मी होते. कशी झाले होते ते कसं सांगू! घरी चालत आलेच नाही मी, रस्ता आपोआप मागे सरकत गेला. आई चुलीपाशी होती, बाबा त्यांच्या खोलीत घंटेखाली बसलेले, आणि मला कुणालातरी भाषण म्हणून दाखवायचं होतं, आत्ताच्या आत्ता, मोठ्यांदा. विषय होता ‘मोकळ्या हवेचे महत्त्व’. म्हणून मोकळ्या हवेतच गेले. दिवसा गच्चीवर जायचं नाही हा नियम, पण आज कुणी येणार नाही असं मीच ठरवून टाकलं. जिन्याच्या कोपऱ्यात दाण्यांचा डबा होता. शेजारपाजारची, कारखान्याच्या पत्र्यावरची, कुणाकुणाची कबुतरं कठड्यावर बसतात आणि टाळी वाजवली की उडून जातात. श्रोते बसून राहायला हवे होते मला. मी मक्याची आणि वाटाण्याची एक मोठी ओंजळ भरली आणि फेकली. मग आणखी एक. मग डबाच वाकडा केला. ते आवाज करत उतरले, पन्नास असतील, आणि मी पाण्याच्या टाकीवर चढून सुरुवात केली, आणि तो आवाज माझा होता यावर माझाच विश्वास बसेना. तोपर्यंत माझ्या आत असा काही आवाज आहे हे मला माहीतच नव्हतं. कारखान्याचा एकचा भोंगा झाला, मी त्याच्यावर आवाज चढवला. त्यानंतर दहा मिनिटांनी, मी दुसऱ्यांदा पहिल्यापासून म्हणत असताना, नदीच्या बाजूनं एक पाखरू एकटंच आलं आणि कडेला उतरलं. छाती ओली. एक पाय जरा वर धरलेला. आणि मग त्यानं दोन पावलं टाकली आणि मी त्याला चालीवरून ओळखलं. अकरा दिवसांपूर्वी टोपलीतून गेलेला. मला इतका आनंद झाला! अरे, हेडक्लार्क आला, असं मी भाषणाच्या मध्येच म्हणाले. पायाला नळी होती की नाही ते मी बघितलं नाही. बघितलं नाही असं मी रोज म्हणते. टोपलीतून गेलेलं पाखरू परत येतं तेव्हा पायाला काय असतं हे मला माहीत नव्हतं असं कुणी म्हणेल का? पण त्या क्षणी ते माझं सगळ्यात मोठं श्रोतृमंडळ होतं आणि तो त्यातला एक होता. त्यानं मान खाली घातली आणि दाणे टिपायला लागला, घाईघाईनं, इतरांना ढकलत. मी शेवटचं वाक्य दोन्ही हात पसरून म्हटलं आणि खालून आईनं हाक मारली, “अगं, जेवायला ये, की हवेवरच भागलं?” मी उड्या मारत खाली गेले. जेवले. मग मैत्रिणीकडे गेले. मग तिथून दुसरीकडे. त्या दिवशी मी किती हसले होते.

घंटा चार पन्नासला वाजली. मी नुकतीच परत आले होते. बाबा घड्याळाकडे बघून, लिहून, वर धावले, आणि त्यांच्या मागे मी. त्यांनी हेडक्लार्कला उचललं, नळी सोडवून मागून आलेल्या खात्याच्या शिपायाच्या हातात दिली आणि तो जिना दणाणत खाली गेला. मग बाबांनी सवयीनं पाखराच्या गळ्याखाली अंगठा दाबला. तिथे पोटाच्या आधी एक पिशवी असते, दाणे आधी तिथे साठतात. अकरा दिवस आघाडीवर, सकाळपासून उपाशी, नदी ओलांडून आलेलं पाखरू, आणि बाबांच्या अंगठ्याखाली ती पिशवी गच्च. त्यांचा अंगठा थांबला. नंतर पुन्हा दाबून बघितलं. ते माझ्याकडे वळले नाहीत. गच्चीच्या कडेला, कठड्याच्या फटीत दोन-तीन मक्याचे दाणे राहिले होते. ते त्यांनी एक एक उचलून खिशात टाकले. दुसऱ्या दिवशी डब्याला कुलूप होतं. बस्स. इतकी शांतता आमच्या घरात तोवर कधी राहिली नव्हती, आणि मी त्या शांततेत दिवसेंदिवस मोठ्यानं बोलत गेले. स्पर्धा जिंकले. सगळे म्हणाले, पोरगी एका रात्रीत बदलली.

नळीतल्या चिठ्ठीत काय होतं ते सगळ्यांना नंतर कळलं. नदीतल्या बेटावर अकरा माणसांची चौकी होती. वरचं धरण फुटलं, पाणी चढत होतं, पूल गेला होता, होड्या पाठवा. होड्या साडेपाचला पोचल्या, म्हणजे निरोप मिळाल्यावर चाळीस मिनिटांत. झाडांवरून सात माणसं उतरवली. चार नव्हती. त्यातले एक शिवणाच्या बाईंचे यजमान.

आणि म्हणून कबुतराच्या गळ्यात पदक घालण्याचा मान बाईंना होता, आणि म्हणून त्या शिवणाच्या खोलीत त्याच्यासाठी कापडाचा लहानसा पट्टा शिवत होत्या. पदक कोटाच्या बटणाएवढं होतं, पण तेही त्याच्या मानेला ओझं होईल अशी त्यांना काळजी. मी त्यांना पाखरू कसं धरायचं ते शिकवलं, दोन बोटांत पाय, अंगठा पंखांवर. त्या पटकन शिकल्या. हात शिवणकामाचेच ते. “तुला सांगू का,” त्या टाके घालता घालता म्हणाल्या, “वाचलेल्या सातांपैकी एक जण भेटायला आला होता. ह्यांना त्यानं साडेतीनपर्यंत पाहिलं होतं. फांदी धरून होते. साडेतीनपर्यंत, म्हणजे बघ. सुरुवातीला मी वेड्यासारखी आकडेमोडच करायचे. कुणी थोडी घाई केली असती तर, कुणी आधी बघितलं असतं तर. रोज एक नवीन माणूस पकडायचे मनात. मग हे मानपत्र आलं. चार पन्नास. हे बिचारं एवढं वादळ खात, ससाण्याच्या तावडीतून येऊन पोचलंच मुळी चार पन्नासला. कुणाच्या हातात काही नव्हतंच गं. त्या दिवसापासून झोपते मी.” त्यांनी दातानं धागा तोडला. “तू ती ओळ नीट म्हण. मला तुझ्या आवाजात ऐकायचीय.”

मी म्हटलं, हो बाई. माझ्या हातातला कागद दमट झाला होता. आपण कुणाचीतरी झोप आपल्या घशात घेऊन फिरतोय असं मला वाटलं. मी जरा जोरात बोलले तर ती मोडेल आणि मी गप्प राहिले तर ती माझ्या आतच कुजत राहील. शाळेतून घरी जाताना दुकानांच्या काचांमध्ये मी दिसत होते, नेहमीसारखी ताठ, दप्तर एका खांद्यावर, आणि प्रत्येक काचेत माझ्या मागून कुणीतरी ओल्या पायांनी चालत येतंय असं वाटून मी वळायचे. कुणी नसायचं. रस्ता कोरडा ठाक.

समारंभाच्या सकाळी बाबा हेडक्लार्कला टोपलीत घालत होते. मी गणवेश घालून तयार होते. मला वाटलं आता विचारावं. “बाबा,” मी म्हटलं, “त्या दिवशी…” ते टोपलीचा फास आवळत म्हणाले, “छापलंय तसं वाच.” मी म्हटलं, “पण तुम्हाला माहीत आहे ना?” त्यांनी फास सोडून पुन्हा आवळला. “मी वहीत घंटेची वेळ लिहितो. घंटा चार पन्नासला वाजली. त्याच्या पलीकडचं मला काही माहीत नाही, आणि तुलाही नाही. कळलं का कर्णे?” इतक्या हळू आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मला तेव्हा कळलं की दोन महिने हा माणूस माझ्यावर रागावलेला नव्हता. तो माझ्यासाठी घाबरलेला होता.

सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर साहेब, मुख्याध्यापक, बाई, आणि बाईंच्या हातात पट्टा घातलेला हेडक्लार्क. गेलेल्या चौघांच्या घरांपैकी फक्त बाईच आल्या होत्या. बाकीच्यांना बोलवायचं सुचलं नसावं. मी उभी राहिले आणि आवाज लागला, असा लागला की मागच्या रांगेतल्या गलका करणाऱ्या मुली एकदम गप्प झाल्या. मला आवडलं ते. त्याही वेळी मला ते आवडलं, हे लिहायलाच हवं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. छापलंय तसं वाचायचं असं मी ठरवलं होतं, शपथेवर सांगते. चौथी ओळ आली. बाई माझ्याकडे बघत होत्या, पुढे झुकून, आवडतं गाणं लागायच्या आधी बघतात तसं. आणि मी म्हणाले, “दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी आपल्या घराच्या गच्चीवर उतरला.” वादळ मी वाचलं नाही. ससाणाही नाही. थेट “या शौर्याबद्दल” वर आले. वेळ बदललेली कुणाच्या लक्षात आल्याचं दिसलं नाही. टाळ्या पडल्या. फोटोवाल्यानं हेडक्लार्कला मान वळवायला लावली. साहेब माझ्या पाठीवर थाप मारून हळूच म्हणाले, “दोन ओळी गाळल्यास गं, पण धिटाईनं गाळल्यास, शाब्बास!” पहिल्या रांगेत बाबा टोपली मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी डोळे मिटलेले होते. मला वाटलं होतं की खरं बोललं की हलकं वाटतं. तसं काही झालं नाही. उलट त्या दिवशी ओंजळ फेकताना हातांना जसं मोकळं मोकळं वाटलं होतं, अगदी तसंच वाटलं, आणि त्याची मला भीती वाटली. ही हौसही तसलीच तर नव्हती ना?

लोक उठले, खुर्च्या सरकल्या. बाई आल्या. हेडक्लार्क त्यांच्या हातात तसाच होता, बरोबर धरलेला, अंगठा पंखांवर. “एक दहा म्हणालीस.”

“हो बाई.”

“वाचताना चूक झाली असेल.” त्यांनी मला ते वाक्य हातात आणून दिलं. मी नुसती मान हलवली असती तरी झालं असतं. बाबा मागे उभे राहिले होते, ते चटकन म्हणाले, “हो हो, घाबरली ती, पहिलाच एवढा समारंभ…”

“चूक नाही झाली,” मी म्हणाले. आणि सांगितलं. टाकी, दाणे, भाषण, त्याची चाल, जेवण, मैत्रीण. दोन मिनिटंही लागली नाहीत. सांगताना माझा आवाज कुठेच अडला नाही. बाईंचा अंगठा पंखांवर होता आणि मी सगळा वेळ त्या अंगठ्याकडे बघत होते. तो पांढरा होत गेला. हेडक्लार्कनं चोच उघडली. बाबा पुढे झाले. मग बाईंनी त्याला बाबांच्या हातात दिला, जपून, आणि स्वतःचे दोन्ही तळवे साडीला पुसले, पुन्हा पुन्हा, जणू त्यांना काहीतरी लागलं होतं.

“दोनला होड्या पोचल्या असत्या,” त्या म्हणाल्या. विचारत नव्हत्या.

“हो.”

बाबा म्हणाले, “बाई, पोर आहे हो ती. मला काय म्हणायचं ते म्हणा. डबा उघडा माझा राहिला होता.” बाईंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. खांद्याची पिशवी उघडून त्यांनी एक चार घड्यांचा कागद काढला. तो घड्यांवर झिजला होता. त्यावर तीन पत्ते होते, त्यांच्या सुबक अक्षरात. “आम्ही चौघी एकमेकींना पत्रं लिहितो,” त्या मला म्हणाल्या. “मीच लिहिलं होतं सगळ्यांना, की कुणाच्या हातात काही नव्हतं म्हणून. दोघी याच शहरात आहेत.” त्यांनी माझं मनगट धरलं. दुखेल इतकं घट्ट नाही, पण सुटेल इतकं सैलही नाही. “चल.”

बाबांनी हाक मारली नाही. की मारली, मला ऐकू आली नाही. बाहेर लख्ख ऊन होतं, माणसं सायकली ढकलत होती, एक बाई गॅलरीत उशा वाळत घालत होती. बाई भरभर चालत होत्या. दोन वळणं, मग एक अरुंद बोळ, मग हिरवा रंग उडालेल्या दाराच्या तीन पायऱ्या. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता आणि कुणीतरी बेसूर, सावकाश गुणगुणत होतं. बाईंनी कडी वाजवली आणि माझं मनगट सोडलं आणि माझ्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. गुणगुणणं थांबलं. एका म्हाताऱ्या बाईनं ओले हात पदराला पुसत दार उघडलं, मला बघितलं, माझ्यामागे बाईंना बघितलं, आणि हसली. “अगं बाई, तुम्ही! या की. आणि ही कोण?”

माझ्या मागून बाईंचा आवाज आला, “बोल.”